डबी तीच आहे

रात्रीचे पावणेदहा. आज तंबाखू सोडल्याचा १४३ वा दिवस. (बायकोच्या हिशेबानं १०५ वा. त्याबद्दल पुढे.)

दुपारी कारखान्यात लेथ मशीनवर शाफ्ट लावून उभा होतो. नवीन पोरगं, आयटीआय करून आत्ताच लागलेलं, समोर आलं आणि डावा तळहात पुढे केला. मळून तयार, वरचा भुसा थापटून उडवलेला, चुन्याचा वास थेट नाकात. "घ्या मामा." माझा हात पुढे गेला. खरंच गेला, अंगठा आणि बोट चिमटीसाठी जुळलंसुद्धा. मग तोंडातून निघालं, "मी खात नाही रे." आणि पुढे गेलेल्या त्याच हातानं माप घ्यायचा व्हर्नियर उचलला, उगाचच. पोरगं पलीकडच्या मशीनवर गेलं.

एवढंच झालं. पण घरी येईस्तोवर तेच डोक्यात घोळतंय, कारण आजवर मी "सोडलीय" म्हणत होतो. "सोडलीय" म्हटलं की समोरचा हसतो. कधीपासनं? बघू किती दिवस टिकतंय. अहो, एका चिमटीनं काय होतंय? म्हणजे आपणच भांडणाला जागा करून द्यायची. "खात नाही" म्हटल्यावर पुढे बोलायला कुणाकडे काही उरत नाही. सव्वीस वर्षं खाल्लेल्या माणसानं हे म्हणणं तसं अर्धं खोटंच. तरी न ठरवता बाहेर पडलं.

याआधी चार वेळा शपथ घेतली होती. एकदा पाडव्याला. एकदा पंढरपुरात, नामदेव पायरीपाशी डबी ठेवून आलो आणि येताना सांगोल्याच्या स्टँडवर नवी विकत घेतली. एकदा लेकीच्या डोक्यावर हात ठेवून. ती ११ दिवस चालली. एक मोठा लॉट रिजेक्ट होऊन परत आला, त्या संध्याकाळी मोडली, आणि मोडलीच आहे तर म्हणून पुढचा आठवडा रोजच्यापेक्षा जास्त खाल्ली. शपथेचं हेच वाईट. ती अख्खी तरी असते, नाहीतर तिचे तुकडे तरी. मधे उभं राहायला पायरी नाही. चौथीबद्दल लिहीत नाही, ती दोन दिवसांची.

यावेळी शपथ घेतलीच नाही. दाताच्या डॉक्टरांनी खालच्या ओठाच्या आतला पांढरा चट्टा आरशात दाखवला. भीती वाटली, पण भीतीही विटते; नवव्या दिवशी मी परत मळायला बसलो होतो. तेव्हा समोरच्या पुडीवर छापलेला नंबर वाचला. १८००-११-२३५६. इतकी वर्षं ती पुडी हातात, नंबर कधी वाचला नव्हता. लावला. एक बाई मराठीत बोलल्या. मला वाटलं आता प्रवचन. त्यांनी विचारलं, दिवसातून किती वेळा? म्हटलं, सहा. त्या म्हणाल्या, सोडू नका अजून, आठवडाभर नुसतं मोजा, मग तारीख ठरवू.

मशीनमागच्या पत्र्यावर खडूनं रेघा मारल्या. पहिल्याच दिवशी १७.

त्या रेघांनी जे शिकवलं ते कुठल्या देवानं शिकवलं नव्हतं. सतरातल्या चार-पाचच खऱ्या तलफेच्या. सकाळच्या चहानंतरची पहिली (तिच्याशिवाय पोट साफ होत नाही हे सांगायला लाज कसली, निम्म्या गावाचं तेच आहे), जेवणानंतरची, आणि अशा. बाकीच्या सगळ्या ऑटो फीडच्या, म्हणजे मशीन आपोआप कापत असतानाच्या. कट लावला की चार मिनिटं नुसतं बघत उभं राहायचं, आणि डावा तळहात रिकामा. तोंडानं मागितलेलीच नसायची, हातच मागायचा. मग हाताला काम दिलं. कट लागला की कॉटन वेस्ट घेऊन मशीनचा बेड पुसायचा, कापलेल्या लोखंडाच्या चिप्स ओढायच्या. माझं मशीन सध्या शॉपमध्ये सगळ्यात स्वच्छ आहे, सुपरवायझरला वाटतं मला प्रमोशन पाहिजे.

डबी तीच ठेवली, दोन तोंडांची. एका बाजूला बडीशेप, दुसऱ्या बाजूला ओवा. आधी भाजकी सुपारी भरली होती, तर डॉक्टर चिडले. सुपारीनंही कॅन्सर होतो, तोंड उघडायचं बंद होतं ते तर सुपारीनंच. चोर सोडून संन्याशाला घरात घेतला म्हणे, आणि संन्यासीही चोरच.

सोडल्यावरचे पहिले तीन दिवस वाईट गेले. डोकं ठणकायचं, झोप नाही, आमटीत मीठ कमी म्हणून मी ताट सरकवलं. मीठ बरोबर होतं.

आता त्या ३८ व्या दिवसाबद्दल. चुलतभावाच्या मयतीला गेलो होतो. सरण पेटल्यावर पुरुष भिंतीकडेला बसतात, कोणी बोलत नाही, आणि एक तळहात रांगेतनं फिरत येतो. घेतली. घरी येताना पानपट्टीपुढे गाडी थांबवली, तीही आपोआप. मग फोनवरच्या बाईंचं आठवलं: खाल्लीत तर कुठे, कोण सोबत, किती वाजता, एवढं लिहून ठेवा. तिथंच गाडीवर बसून वहीत लिहिलं. लिहून झालं आणि पुडी घ्यायची राहिली.

बायको म्हणते तिथून परत एकपासून मोज. लेक मानसशास्त्राला आहे, ती माझ्या बाजूनं. २१ दिवसांत सवय लागते हे कुठून आलं तेही तिनंच सांगितलं. एका प्लास्टिक सर्जननं १९६० मध्ये लिहिलं होतं, की पेशंटला नवा चेहरा आपला वाटायला किमान २१ दिवस लागतात. लोकांनी 'किमान' गाळलं, चेहराही गाळला. पुढे लंडनमध्ये ९६ जणांवर बघितलं तर मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला, कुणाला १८, कुणाला २५४, आणि एखादा दिवस चुकल्यानं फारसा फरक पडला नाही. "पण पप्पा, ते लोक पाणी पिणं, फळं खाणं असलं लावून घेत होते, सोडत नव्हते." म्हणजे माझ्यासाठी आकडाच नाही. बरं झालं. मी १४३ च धरतो, ३८ भोवती गोल करून.

चट्टा गेलाय. जीभ फिरवली की जागा अजून खरबरीत लागते.

आधी मला वाटायचं, मनातून पक्कं वाटलं की सुटेल. पक्कं मला आजही वाटत नाही. दुपारी हात पुढे गेला तो कुणाचा होता?

उद्या त्या पोराला विचारणार आहे, दिवसातून किती वेळा. सहा म्हणेल. खडू माझ्याकडे आहे.