तांबडं दिसलं म्हणजे चुना साचलाच असं नाही

किडनी निकामी झाली की फॉस्फेट रक्तात साठतं. मग रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या स्नायूपेशी हळूहळू हाडाच्या पेशींसारख्या वागू लागतात, रन्क्स-२ (हाडाच्या पेशी घडवणारं प्रथिन) वाढतं आणि भिंतीत चुना धरतो. डायलिसिसच्या रुग्णांत हे सर्रास दिसतं. लॅबमध्ये प्लेटमध्ये वाढवलेल्या पेशींतही ते घडवता येतं आणि चुना तांबडा रंगवून बघता येतो, पण त्यात फसगत फार.

साध्या डीएमईएममध्ये (पेशी वाढवायचं पोषक द्रव, म्हणजे मीडियम) फॉस्फेट साधारण ०.९ मिलिमोलर असतं. ते २.६ ते ३ पर्यंत न्यायचं, मीडियम दर दोन-तीन दिवसांनी बदलायचं. आठवडा-दोन आठवड्यांत खडे दिसू लागतात. बीटा-ग्लिसरोफॉस्फेट १० मिलिमोलर घालणारेही आहेत, पण त्यातलं फॉस्फेट सुटायला अल्कलाइन फॉस्फेटेज हे एन्झाइम लागतं. पेशींत ते नसेल, तर नुसती वाट बघत बसायचं.

खरी गोम पुढे आहे. कॅल्शियम आणि फॉस्फेट एकाच भांड्यात जास्त झाले की पेशी नसल्या तरी साका बसतो. मीडियममधलं सीरम (रक्तातला पातळ द्रव) कमी केलं तर आणखी लवकर, कारण त्यातलं फेट्युइन-ए हे प्रथिन हा साका बसू देत नाही. पीएच चढला तरी तेच. इन्क्युबेटरचा कार्बन डायऑक्साइड संपला की पीएच चढतोच, म्हणून परळ-लालबागला लॅब असेल तर गणपतीच्या आधीच जादा सिलिंडर आणून ठेवा. विसर्जनाच्या दिवशी टेम्पो आत यायचा नाही. प्रत्येक प्लेटमध्ये एक वेल (प्लेटमधला खळगा) पेशींविना आणि एक मारून फिक्स केलेल्या पेशींची हवीच. तिथेही तांबडं आलं तर ती प्लेट मोजू नका. आमच्या मते या दोन वेल नसलेला फोटो बघण्यातही वेळ घालवू नये.

रंगवताना पेशी ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये १५ मिनिटं ठेवून फिक्स करा (म्हणजे आहेत तशा टिकवा), मग डिस्टिल्ड पाण्याने धुवा. शेवटचं धुणं पीबीएसने (फॉस्फेटच्या खाऱ्या द्रावणाने) नको, त्यातलं फॉस्फेट मागे राहतं. अ‍ॅलिझरिन रेड (चुन्यातल्या कॅल्शियमला तांबडा करणारा रंग) २ टक्के, पीएच ४.१ ते ४.३, दर वेळी मोजून. पीएच फार उतरला तर खडेच विरघळतात. नंतर पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा, तेही डिस्टिल्डच; मे महिन्यात नळाला टँकरचं पाणी असतं आणि त्यात कॅल्शियम किती ते देवच जाणे. फॉन कोसा या दुसऱ्या रंगातली चांदी फॉस्फेटवर बसते, कॅल्शियमवर नाही, म्हणून दोन्ही रंग करावेत.

आकडा हवा असेल तर वेगळ्या, फिक्स न केलेल्या वेल ठेवा. ०.६ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात २४ तास, मग क्रेसॉलफ्थॅलीन या रंगद्रव्याने कॅल्शियम मोजून प्रथिनाच्या मिलिग्रॅमने भागायचं. या वेलना ट्रिप्सिन-ईडीटीए (पेशी प्लेटपासून सोडवायचं द्रावण) लावू नका, ईडीटीए कॅल्शियम ओढून नेतं.

रुग्णाच्या वाहिनीचा तुकडा असेल तर बफर केलेलंच फॉर्मलिन वापरा. जुनं साधं फॉर्मलिन आम्ल होतं आणि चुना खातं. हिस्टोपॅथॉलॉजीच्या फॉर्मवर ‘डिकॅल करू नये’ (म्हणजे आम्लाने चुना काढू नये) असं ठळक लिहा. चुन्यावर ब्लेड अडतं, म्हणून टेक्निशियन सवयीने डिकॅल करून टाकतात.