जिजीची पिशवी

जिजी गेल्यावर तिच्या ट्रंकेत सोनंनाणं काही निघालं नाही. निघाली ती वारीची खाकी पिशवी. आत बुक्क्याची डबी, टाळ, जुन्या नऊवारीच्या चिंध्या आणि पत्र्याच्या डबीत सुई-दोरा. २०२० आणि २०२१ ला माउलींच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. ती दोन्ही वर्षं जिजी आषाढीपर्यंत ही पिशवी भरून दाराशी बसायची. मग त्या दिवाळीनंतर गेलीच. २०२२ ला वारी पुन्हा पायी निघाली तेव्हा पिशवी काखेत अडकवून मी आळंदीत तिच्या दिंडीत दाखल झाले. भक्ती वगैरे फारशी नव्हती, खरं सांगते. पिशवी पोचवायची होती.

घरात जिजीचा दरारा. धान्याच्या कोठीची आणि जाळीच्या कपाटाची किल्ली तिच्या कमरेला. आईला या घरात येऊन तीस वर्षं झाली, तरी चहात साखर किती ते जिजी ठरवायची. रोज रात्री सुनांकडून पाय दाबून घ्यायची. हसायची ती सणासुदीला, तेही तोंडाला पदर लावून.

पुणे ते सासवड हा टप्पा सगळ्यात लांब, आणि त्या दिवशी एकादशी. दिवे घाट गर्दीच्या रेट्यात कसाबसा चढले. सासवडच्या तंबूत बूट काढले तर दोन्ही टाचांना हे एवढे फोड. शेजारच्या मावशींनी, न विचारता, पिशवीत हात घालून बरोब्बर ती पत्र्याची डबी काढली.

"ठावं हाय मला, कुठं ठेवती ती."

सुईत दोरा ओवून त्यांनी तो फोडातून आरपार काढला, आणि दोन्हीकडे बोटभर दोरा ठेवून कापला. "ऱ्हाऊ दे आत. पाणी झिरपतंय रातीत. कातडं काढायचं नाय." (माझ्या डॉक्टर मैत्रिणीला हे अजून सांगितलेलं नाही.) मग त्या माझे पाय दाबायला लागल्या. मी पाय ओढून घेतले.

"दाबून घे गं माउली. तुज्या आजीनं माजं किती दाबल्यात."

कुणी? आमच्या जिजीनं?

पुढे लोणंद, फलटण, बरड. चालता चालता बायका एकेक सांगायच्या. दिंडीत तिला भिंगरी म्हणायचे. फुगडीत तिच्यासमोर कुणी टिकत नसे. एकदा नीरेच्या पुलावर एका पोलिसाच्या पाया पडली, आणि तो बिचारा लाजून तिच्या पाया पडला.

सदाशिवनगरला गोल रिंगण झालं. अश्व धावून गेले, लोक टापांखालची माती कपाळाला लावायला धावले. मग टाळकऱ्यांचे खेळ सुरू झाले, आणि बाजूला बायकांच्या फुगड्या. मावशींनी माझे हात धरले, तिढा घालून.

"मान मागं टाक. पाय जवळ घे. भिऊ नगं, सोडत नाय."

मी सत्तरीच्या बाईबरोबर गरागरा फिरायला लागले. टोप्या, पताका, धूळ सगळं एक झालं. काखेतली पिशवी उडून टाळासकट मावशींच्या बरगडीत बसली. दोघी धपकन मातीत.

"अगं, आदी ती पिशवी खाली ठिव की!" मावशी हसत हसत ओरडल्या.

ठेवली. त्यांनी पुन्हा हात पुढे केले.