एक हजार दहाचं टाका

आमचे बाबा अजून सकाळी साडेसहाला पेट्रोल भरायला जातात. का, तर थंडाव्यात पेट्रोल आकसतं, मग तेवढ्याच लिटरमध्ये जास्त मिळतं. आता बाबांचं सायन्स चुकत नाही, पण पंपाची टाकी असते जमिनीखाली पुरलेली, तिला सकाळ काय नि दुपार काय. आणि समजा पडला पाच डिग्रीचा फरक, तरी तीस लिटरमागे दीडशे मिली, म्हणजे जेमतेम दोन कटिंग भरतील एवढं. हे मी त्यांना नीट हिशेब करून सांगितलं तर म्हणाले, "मग दोन कटिंग सोडायचे का?"

मी तरी कुठे शहाणा आहे म्हणा. मी पंपावर काच खाली करून "एक हजार दहाचं टाका" म्हणतो, कारण कुणीतरी कधीतरी सांगितलं होतं की हजारचं बटण सेट केलेलं असतं. पोरगा माझ्याकडे न बघता १०१० दाबतो, म्हणजे असं सांगणारा मी काय पहिला नाही, आणि कुणाला चोरायचंच असेल तर तो एव्हाना १०१० पण शिकला असेल ना! माप खरंच तपासायचं तर पंपावर पाच लिटरचं माप ठेवलेलं असतं, त्यात ओतून दाखवा म्हणायचा आपल्याला हक्क आहे. मी आजवर एकदाही म्हटलेलं नाही. मागे रिक्षावाला हॉर्न वाजवत असताना हक्क वगैरे आठवत नाही माणसाला.

क्रेडिट कार्डची तर वेगळीच गंमत. एक टक्का सरचार्ज माफ म्हणून मी दोन वर्षं खुश होतो. मग एकदा स्टेटमेंट नीट वाचलं तर कळलं की तो एक टक्का आधी बँकवालेच लावतात, मग तेच परत करतात, आणि त्यावर लागलेला जीएसटी मात्र परत येत नाही. म्हणजे यूपीआयने भरलं असतं तर ही भानगडच नव्हती. बायकोला अजून सांगितलेलं नाही.

खरी बचत झाली ती काहीही न करता, ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या वेशीवरचा कारचा टोल गेला तेव्हा. आनंदनगर नाक्यावरचे ४५ रुपये एकदम खिशात. पण ते ठाण्याचा घोडबंदर रोड खाऊन टाकतो हो! परवा कापूरबावडी ते मानपाडा चाळीस मिनिटं, एसी चालू, गाडी जागच्या जागी गुरगुरतेय, अशी उभी गाडी तासाला अर्धा-पाऊण लिटर आरामात पिते. बाबांचे दोन कटिंग मानपाड्यापुढच्या ब्रह्मांडला पोचायच्या आधीच संपलेले असतात.

टायरमध्ये हवा कमी असली की पण पेट्रोल जास्त जातं, आणि ती तर पंपावर फुकट मिळते, पण त्यासाठी रांगेतून बाजूला गाडी घ्यायची म्हणून मी महिनोन्महिने टाळतो. शेवटी गेल्या रविवारी बाबांबरोबर साडेसहालाच गेलो, चारही टायर चेक करून घेतले. मागचे दोन चांगलेच बसले होते. मी खुश, बाबा माझ्याहून खुश, आणि त्या खुशीत त्यांनी हवा भरणाऱ्या पोराच्या हातावर वीस रुपये ठेवले.