मागच्या दाराचं कुलूप

जानेवारी आणि जुलै हे आमच्या धंद्याचे हंगाम. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे हॉटेल, हॉस्पिटल, मंगल कार्यालय अशांना या दोन महिन्यांत ‘फॉर्म बी’ द्यावा लागतो. आग विझवायची यंत्रणा चालू आहे, असं परवानाधारक एजन्सीचं ते प्रमाणपत्र. मी अशाच एका एजन्सीत तंत्रज्ञ आहे. आग विझवायच्या सिलिंडरचा काटा हिरव्यात आहे का, होज रील, म्हणजे भिंतीवरची गुंडाळलेली पाण्याची नळी, गळते का, पंप दाब धरतो का, हे बघत भुसावळपासून शिरपूरपर्यंत फिरतो.

यंदा महामार्गालगतच्या एका बारची तपासणी होती. परमिट रूमच्या मागे हॉल काढलेला, शनिवारी डीजे, नाचायला लाकडी फ्लोअर, धूर सोडायचं मशीन. कागदावर मात्र नुसतं रेस्टॉरंट.

सिलिंडर चकचकीत होते. ते नेहमीच असतात, कारण साहेब आले की पहिले तेच दिसतात. मी वर बघितलं. धुराचा डिटेक्टर नवा येतो तेव्हा त्यावर धूळ बसू नये म्हणून प्लास्टिकची टोपी असते, यंत्रणा सुरू करताना ती काढतात. इथे हॉलमधल्या प्रत्येक डिटेक्टरवर टोपी परत चढवलेली. डीजेचं मशीन धूर सोडायला लागलं की अलार्म कोकलतो, म्हणून. शिवाय अलार्मच्या पॅनलवर हॉलचा झोनच, म्हणजे हॉलपुरता अलार्मचा भाग, बंद करून ठेवलेला, आणि तसं सांगणाऱ्या पिवळ्या दिव्यावर काळी चिकटपट्टी. हे एखाद्या वेटरला जमणारं काम नाही. आमच्याच धंद्यातल्या कुणीतरी येऊन करून दिलेलं आहे, आणि त्याचा मला अजून संताप येतो.

भिंतीवर आवाज घुमू नये म्हणून अंड्याच्या ट्रेसारखा उंचवट्यांचा काळा फोम. फाटलेल्या कोपऱ्यातून अंगठ्याएवढा तुकडा काढला, पार्किंगमध्ये पत्र्यावर ठेवला आणि शेठसमोर लायटर लावला. भस्सकन पेटला, जळते थेंब खाली गळाले, काळाकुट्ट धूर निघाला. शेठ दोन पावलं मागे सरले. त्यांना सांगितलं, या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, सायनाइड असतं, माणूस भाजण्याआधीच पडतो. २००३ मध्ये अमेरिकेतल्या स्टेशन नाइटक्लबमध्ये स्टेजवरच्या फुलबाज्यांनी असाच फोम पेटला. हॉल साधारण दीड मिनिटात जगण्यासारखा राहिला नाही. शंभर माणसं गेली, बरीचशी पुढच्या दाराच्या वाटेवर, कारण आलेल्या दारानेच बाहेर पडायला गर्दी उसळते. म्हणून दुसरं दार लागतं, तेही उघडं, बाहेरच्या बाजूला उघडणारं. राष्ट्रीय इमारत संहिता लोक जमतात अशा जागेला दोन मीटर रुंदीचं दार मागते.

इथलं मागचं दार त्याच्या निम्मंही नव्हतं आणि बाहेरून कुलूप होतं. वेटर पोरगा हळूच म्हणाला, “चावी शेठजोडे शे, भाऊ. दार उघडं ठेवं तं गिऱ्हाईक बिल न देता पळी जातस.” ब्राझीलच्या किस क्लबमध्ये २०१३ साली २४२ जण गेले, तिथेही सुरुवातीला दारावरच्या रखवालदारांनी लोकांना अडवलं होतं, बिल बुडवून चालले असं समजून.

आणि त्या दाराला लागूनच पोरांची झोपायची खोली, शेजारी गॅसच्या टाक्या. खोलीतून बाहेर यायची वाट हॉलमधूनच. हे दिसल्यावर माझ्या डोक्यात गोव्याचं अर्पोरा आलं. डिसेंबर २०२५ मध्ये तिथल्या क्लबात २५ जीव गेले, त्यात निम्म्याहून जास्त तिथे राबणारे कामगार. पोटासाठी घर सोडून आलेली पोरं.

“भाऊ, इतकं काय मनवर लेस? सही करी टाक,” शेठ म्हणाले. मी टोप्या काढल्या, झोन चालू केला, कुलूप माझ्यासमोर काढायला लावलं. फॉर्म बी दिला नाही. फोम आणि दाराबद्दल लेखी अहवाल दिला, त्याची प्रत अग्निशमन विभागात देऊन आवक शिक्का घेतला. आमचे मालक पाठीशी राहिले, गिऱ्हाईक गेलं तरी.

पुढच्याच आठवड्यात काउंटरवर दुसऱ्या एजन्सीचं प्रमाणपत्र फ्रेम करून लागलं. कायद्यातली मेख इथे आहे. ज्याची तपासणी करायची तोच एजन्सी निवडतो आणि तोच पैसे देतो. अग्निशमनच्या पोरांना मी दोष देत नाही, उन्हाळ्यात जिनिंगमधल्या कापसाच्या आगी विझवायलाच ती पुरत नाहीत. पण फी विभागाकडे भरून एजन्सी विभागानेच चिठ्ठी काढून नेमावी, एवढं तर आहे त्या माणसांत होण्यासारखं आहे. आणि एका एजन्सीने नकार दिलेल्या जागेला दुसरीने सही दिली, तर विभागाचा माणूस स्वतः जायलाच हवा.

त्या वेटर पोराचा नंबर माझ्याकडे आहे. शनिवारी संध्याकाळी फोन करतो. मागच्या वेळी म्हणाला, नुसती कडी असते, कुलूप नाही, पण टोप्या परत चढल्या. विभागाकडे दुसरा अर्ज तयार केला आहे, या वेळी टोप्यांच्या, फोमच्या आणि झोपायच्या खोलीच्या फोटोंसकट. एक प्रत जिल्हाधिकारी कार्यालयात देणार आहे.