रिकाम्या रिंगणातली मैफल

ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पॉम्पेई या रोमन नगरात येणारी बहुतेक माणसं तिथल्या अ‍ॅम्फिथिएटरपर्यंत, म्हणजे पायऱ्यांनी वेढलेल्या खेळांच्या रिंगणापर्यंत, पोचतच नाहीत, आणि याचं मला फार वाईट वाटतं. ट्रेनमधून उतरलं की जवळच पोर्ता मरीनाचा दरवाजा. आत शिरायचं, फोरम म्हणजे नगराचा मुख्य चौक बघायचा, स्नानगृहं बघायची, राखेत गाडल्या गेलेल्या माणसांचे प्लास्टरचे देह बघायचे. तोवर पाय बोलू लागतात, ऊन डोक्यावर येतं आणि गट परत वळतो. अ‍ॅम्फिथिएटर राहून जातं, कारण ते नगराच्या पार दुसऱ्या टोकाला, आग्नेय कोपऱ्यात आहे. मला पॉम्पेईत मुळात तेच बघायचं होतं, म्हणून आम्ही उलट्या बाजूने, पियात्सा अन्फितेआत्रोच्या दरवाजाने आत गेलो.

आम्ही म्हणजे मी आणि ताई. ताईला रोमन घरांचं, त्यांच्या अंगणांचं आणि भिंतींवरच्या चित्रांचं वेड; मला पिंक फ्लॉइड या इंग्लिश रॉक बँडचं. रोममधले दिवस रांगांत आणि घामात गेले, त्यांच्याबद्दल याहून जास्त लिहावंसं वाटत नाही. ऑक्टोबर महिना मात्र मी हट्टाने निवडला होता, कारण या अ‍ॅम्फिथिएटरमध्ये केलेल्या त्यांच्या 'लाइव्ह अ‍ॅट पॉम्पेई' या चित्रपटाचं इथलं चित्रण ऑक्टोबरातच झालं होतं आणि मला तोच उजेड हवा होता.

दरवाजापाशी ताई म्हणाली, "तू बस तिथे मनसोक्त. मी घरं बघून येते. उन्हं कलली की तुला शोधत येईन." आणि नकाशा उघडून ती चालायलाही लागली.

आत जायची वाट म्हणजे उताराचा एक दगडी बोगदा. रिंगण भोवतालच्या जमिनीपेक्षा खाली खोदलेलं आहे, त्यामुळे थंड अंधारातून खाली उतरत आपण समोरच्या उजेडाकडे जातो. हे बांधकाम इसवी सनापूर्वी 70 च्या सुमाराचं. दगडात बांधलेली जी रोमन अ‍ॅम्फिथिएटरं आज उभी आहेत, त्यांतलं हे सगळ्यात जुनं, कलोसियमच्या जवळजवळ दीडशे वर्षं आधीचं. क्षमता साधारण 20,000 प्रेक्षकांची. हल्ली पॉम्पेईत दिवसाला 20,000 पर्यटकांनाच सोडतात, म्हणजे एका दिवसाची सगळी गर्दी एकदम इथे मावेल. मी बोगद्यातून बाहेर आलो तेव्हा आत मोजकीच माणसं होती.

चित्रपटात हे रिंगण अफाट दिसतं. सुरुवातीला कॅमेरा वरच्या टोकावरून, फार सावकाश, खाली मध्यभागी ठेवलेल्या वाद्यांच्या दिशेने सरकत जातो आणि त्या पसाऱ्यात चार माणसं ठिपक्याएवढी वाटतात. प्रत्यक्षात ते आटोपशीर आहे, साधारण 67 मीटर लांब आणि 35 मीटर रुंद. वरच्या बऱ्याच पायऱ्यांवर आता गवत आहे, कडेने छत्रीच्या आकाराचे पाइन. मी मधोमध जाऊन उभा राहिलो. मग ते बरोबर वाटेना, म्हणून कडेच्या भिंतीशी जाऊन खाली बसलो आणि मधली जागा रिकामी सोडली.

ज्यांनी तो चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. एड्रियन माबेन या दिग्दर्शकाला पिंक फ्लॉइडवर चित्रपट करायचा होता. त्यांच्या संगीताची चित्रकलेशी सांगड घालण्याची त्याची पहिली कल्पना बँडने मान्य केली नव्हती. 1971 च्या उन्हाळ्यात तो सुट्टीवर इटलीत आला होता. पॉम्पेईत फिरताना त्याचा पासपोर्ट हरवला, आणि तो शोधायला तो संध्याकाळी पुन्हा अवशेषांत आला. पर्यटक निघून गेले होते. या रिकाम्या अ‍ॅम्फिथिएटरमध्ये त्याला किड्यांचा आवाज आणि वटवाघळं सोडून काही नव्हतं, आणि ती शांतता त्याला इतकी भिडली, की चित्रपट इथेच करायचा हे ठरून गेलं. नेपल्स विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाने परवानगी मिळवायला मदत केली. ऑक्टोबरात रॉजर वॉटर्स, डेव्हिड गिल्मर, रिचर्ड राइट आणि निक मेसन इथे आले. सगळे तिशीच्या आतले. गिल्मर तर 25 वर्षांचा. 'एकोज' हे त्यांचं लांबलचक गाणं ज्या अल्बमवर आहे तो 'मेडल' तेव्हा बाजारात यायचा होता. अजून अल्बमवर न आलेलं गाणं ते इथे, कुणीही समोर नसताना, वाजवत होते. त्या काळच्या संगीतपटांत ध्वनिमुद्रणावर नुसते ओठ आणि हात हलवायची पद्धत सर्रास होती. बँडने त्याला साफ नकार दिला. लंडनहून ध्वनिमुद्रण यंत्रणा ट्रकने इथवर आली.

हे सगळं मनात चालू असताना एक गट आत आला. तीस-चाळीस माणसं, पुढे काठीला रंगीत फडकं बांधलेली गाइड. तिने ग्लॅडिएटरांबद्दल दोन वाक्यं सांगितली. मग सगळ्यांनी टाळ्या वाजवून प्रतिध्वनी येतो का ते पाहिलं, फोटो काढले, आणि त्यातल्या एकाने फोनच्या स्पीकरवर, पूर्ण आवाजात, पिंक फ्लॉइडचं गाणं लावलं. बाकीचे हसले, कुणी हवेतच गिटार वाजवली. पाच मिनिटांत गट गेलाही.

मला फार राग आला, आणि तो अजून पुरता गेलेला नाही. त्या माणसाला गाणं आवडत असणार, हे मला कळतं. पण ज्या जागी चार जणांनी खोटा आवाज नको म्हणून ट्रकभर यंत्रं आणवली, तिथे तो चिरका आवाज ऐकणं मला सहन होईना. तुम्ही इथे आलात तर कृपा करून काही लावू नका. आधी घरी ऐकून या. इथे ऐकायला दगड आहेत, वारा आहे. बोगद्यातून कुणी बोललं तर त्याचा आवाज रिंगणाच्या दुसऱ्या टोकाला आधी पोचतो आणि माणूस नंतर दिसतो. चित्रपटात गिल्मर इथल्या धुळीत मांडी घालून बसतो आणि मांडीवरच्या गिटारवर स्लाइड, म्हणजे तारांवरून सरकवायची नळी, फिरवतो. त्या आवाजाला जी मोकळीक आहे, ती कुठून आली हे इथे बसल्यावर उमगतं. वर छत नाही आणि भोवती दगडाचा वाडगा. दोन्ही एकाच वेळी.

ताई आली ती धुळीने माखलेली आणि खूष. विया देल्लाब्बोन्दान्त्सा या हमरस्त्याने ती बरंच आत जाऊन आली होती. माझ्याशेजारी बसून तिने पाणी प्यायलं, मी तिला सगळी गोष्ट पुन्हा सांगितली, आणि तिने विचारलं, "पण ऐकायला कुणीच नव्हतं? मग मैफल कसली?"

ताई अनेक वर्षं गाणं शिकली आहे. तिच्या लेखी समोरची 'वाह' हा मैफलीचा अर्धा भाग. म्हणून तिचा प्रश्न मला टाळता येईना. मी म्हटलं, वुडस्टॉक या अमेरिकेतल्या संगीत महोत्सवाचा चित्रपट 1970 मध्ये आला होता. त्यात संगीताइतकीच गर्दी आहे: चिखल, चेहरे, नाचणारी, झोपलेली, प्रार्थना करणारी माणसं. त्यानंतर मैफलीचा चित्रपट म्हणजे गर्दीचा चित्रपट असंच ठरून गेलं. माबेनने मुद्दाम उलटं केलं. कॅमेरामागची माणसं आणि लपून आत घुसलेली गावातली काही मुलं सोडली तर इथे कुणी नव्हतं. प्रेक्षक दाखवले की आपण त्यांच्या चेहऱ्यांवरून ठरवतो की आता भारावून जायचं. इथे ती सोय नाही. तुम्हाला हातच बघावे लागतात. राइट पियानोवर मुठी आणि कोपर आपटतो ते बघावं लागतं, वॉटर्स मावळत्या उजेडात गाँगवर तुटून पडतो ते बघावं लागतं. वाद्यांच्या मागून कॅमेरा सरकतो तेव्हा खोक्यांवर 'पिंक फ्लॉइड, लंडन' अशी अक्षरं दिसतात, हमालांसाठी रंगवलेली. ती सुद्धा मला कुठल्याही टाळ्यांपेक्षा जास्त आवडतात.

"म्हणजे रियाज बघण्यासारखं," ताई म्हणाली.

जवळ जाणारं होतं, पण पुरतं नाही. रियाजात चुकलं की थांबता येतं, तीच तान पन्नासदा घेता येते. इथे 35 मिलिमीटरची महागडी फिल्म धावत होती आणि हातात दिवस थोडे होते. 'वन ऑफ दीज डेज' वाजवताना ड्रमवर असलेल्या मेसनच्या हातातून काठी उडते. तो न थांबता दुसरी उचलतो, ठेका कुठेही सुटत नाही. त्या गाण्यात जवळजवळ पूर्ण वेळ मेसनच दिसतो, त्याचं कारण बाकीच्यांचं चित्रण असलेली रिळं हरवली. मला ते नुकसान वाटत नाही. ती रिळं असती तर एका ढोलवाल्याकडे इतका वेळ कुणी बघू दिलं असतं? पण जे चित्रण वापरलंच गेलं नाही ते नंतर नष्ट झालं, याचं दुःख खरं आहे.

या रिंगणाचं तसं आधीही झालेलं आहे. मी ज्या भिंतीला टेकलो होतो तिच्यावर कधीकाळी ग्लॅडिएटरांची आणि जनावरांची रंगीत चित्रं होती. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला उत्खननात ती उघडी पडली आणि थंडीपावसाने थोड्याच काळात गेली. तेव्हा कुणीतरी घाईने केलेली रेखाटनं तेवढी उरली.

निघताना आम्ही ट्रेनकडे न जाता नव्या पॉम्पेई गावातून चालत गेलो. याचंही कारण तो चित्रपट. बँड आला, यंत्रं आली आणि कळलं की इथली वीज त्यांना पुरत नाही. मग गावातून अवशेषांपर्यंत लांबच लांब केबल ओढावी लागली, आणि त्या खटपटीत आधीच थोडे असलेले दिवस आणखी कमी झाले. मला तो रस्ता पायाखालून घालायचा होता. उंच घंटाघराच्या चर्चपर्यंत दुकानं, वाहनं, शाळेतून परतणारी मुलं आणि आइस्क्रीमवाले. बघण्यासारखं खास काही नाही, पण मी प्रत्येक वळणावर केबल कुठून गेली असेल याचाच विचार करत होतो. ताईने फार सोसलं मला त्या संध्याकाळी.

दुसऱ्या दिवशी पोत्सुओलीजवळच्या सोल्फातारात जावंसं वाटत होतं. बँड ज्या वाफाळत्या ज्वालामुखीच्या जमिनीवर चालताना दिसतो ती जागा हीच. पण 2017 मध्ये तिथे एकाच कुटुंबातले तीन जण मृत्युमुखी पडले आणि तेव्हापासून ती बंद आहे. त्याऐवजी नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात गेलो, आणि तो दिवस ताईचा झाला. तिथे एक भित्तिचित्र आहे: इसवी सन 59 मधली या अ‍ॅम्फिथिएटरमधली दंगल. पॉम्पेईकर आणि शेजारच्या नुकेरियाचे लोक खेळ बघता बघता शिवीगाळीवरून दगडांवर आणि दगडांवरून शस्त्रांवर आले. रोमन इतिहासकार टॅसिटसने लिहून ठेवलंय, की रोमच्या सेनेटने त्यानंतर इथल्या खेळांवर दहा वर्षं बंदी घातली. चित्रात पायऱ्यांवर, रिंगणात, बाहेर झाडांखाली माणसं एकमेकांवर धावून जाताहेत. आदल्या दिवशी मी जिथे बसलो होतो ती जागा बोटाने दाखवता येत होती.

त्या रात्री खोलीवर ताईने पूर्ण चित्रपट पाहिला, नव्याने साफ केलेल्या प्रतीत, जी 2025 च्या एप्रिलमध्ये थिएटरांत आली. मधेमधे येणारे मोझॅइकचे आणि मूर्तींचे क्लोजअप तिला जास्त झाले असं वाटलं. मेसन आवडला. पण तिची नजर सारखी राइटकडे जात होती. 'एकोज' राइटच्या पियानोच्या एका टिपेच्या स्वराने सुरू होतं, पाण्यावर पडल्यासारखा तो स्वर तिने तीनदा मागे नेऊन ऐकला.

मी तिला सांगितलं, की राइट 2008 मध्ये गेला. 2016 च्या जुलैत गिल्मर पुन्हा त्याच रिंगणात वाजवायला आला, दोन रात्री, या वेळी समोर प्रेक्षक होते आणि गावाने त्याला मानद नागरिकत्व दिलं. 'वन ऑफ दीज डेज' त्याने वाजवलं. 'एकोज' नाही, कारण राइटशिवाय ते वाजवायचं नाही असं त्याने ठरवलेलं आहे.

"बरोबर केलं," ताई लगेच म्हणाली. "ते दोघांचं गाणं होतं."

मला हे पटत नाही. मेसनही 2023 मध्ये आपला वेगळा बँड घेऊन पॉम्पेईत आला होता, आणि अलीकडे तो 'एकोज' वाजवतो. माझं मन मेसनकडे आहे. गाणं वाजत राहिलं तरच राइटचा तो पहिला स्वर कुणाच्या तरी कानावर नव्याने पडणार. ताईचं म्हणणं, तो स्वर त्या चित्रपटात आहे, ज्याला हवा त्याने तिथे ऐकावा, दुसऱ्या कुणाच्या बोटांनी नको. परतीच्या प्रवासात विमानतळापर्यंत आम्ही यावर भांडलो, आणि ती अजूनही गिल्मरच्याच बाजूने आहे.