एकहाती कीबोर्ड, तिसरा नमुना: करंगळी ऐकत नाही

मुठीत धरून एका हातानं मराठी टाइप करायचा कीबोर्ड बनवतोय; बटणं मोजकी, म्हणून बऱ्याच अक्षरांना दोन-तीन बटणं एकदम दाबायची. मागच्या वेळी ‘आठवड्यात घडी बसते’ असं ठोकून दिलं होतं. दीड महिना गेला.

गेल्या गणपतीतला शाडूचा गोळा उरला होता, तो मुठीत दाबून पकडीचं माप घेतलं. सुकताना अंगठ्यापाशी तडा गेला, पण माप मिळालं. त्यावरून थ्रीडी प्रिंटरवर छापलेलं पीएलए प्लास्टिकचं कवच खानापूरला स्कूटरच्या डिकीत विसरलो. मे महिन्याचं ऊन! काढलं तेव्हा पापडासारखं वाकडं. साठ अंशांच्या आसपास पीएलए मऊ पडतं हे मीच सगळ्यांना सांगत असतो. आता पीईटीजी, म्हणजे जास्त उष्णता सोसणारं प्लास्टिक.

खरी कटकट करंगळीची. फर्मवेअर (कीबोर्डच्या आतला प्रोग्राम) एकत्र दाबलेली बटणं, म्हणजे कॉम्बो, ५० मिलिसेकंदांत सगळी दाबली गेली तरच धरतो. ‘श’ म्हणजे ‘स’ची बटणं अधिक करंगळी, आणि नुसत्या करंगळीवर ‘ळ’. करंगळी मागं राहिली की ‘शहापूर’चं ‘सळहापूर’. वेळ वाढवली तर प्रत्येक अक्षर रेंगाळतं. शेवटी घड्याळच काढून टाकलं: सगळी बोटं उचलली की मधे जी जी बटणं दाबली गेली त्यांचं मिळून एक अक्षर. मागंपुढं झालं तरी चालतं. फक्त खोडायचं बटण दाबून धरता येत नाही, टकटक करत बसावं लागतं.

माउसवाल्या डग्लस एंगलबार्टनं १९६८ मध्ये दाखवलेल्या एकहाती कीबोर्डाच्या पाच बटणांतून ३१ कॉर्ड, म्हणजे एकदम दाबायचे बटणांचे संच, निघतात. इंग्रजीला पुरे, आपल्याला नाही. म्हणून अंगठ्याला दोन बटणं दिली, एका वेळी एकच; एकूण ४७. पहिलं महाप्राणाचं: ‘क’चा ‘ख’, ‘ग’चा ‘घ’. काना-वेलांटीला वेगळे कॉर्ड नाहीत. स्वराचाच कॉर्ड दाबायचा: आधी व्यंजन असेल तर मात्रा, नाहीतर स्वर. हे कमरेच्या पाऊचमधल्या रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर ठरतं, हातातून फक्त कॉर्डचा नंबर जातो.

यातून एक फुकटचा लाभ. युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरसाठी प्रत्येक अक्षराला ठरलेल्या क्रमांकांच्या यादीत, देवनागरी ‘क’ २३२५ वर, कन्नड ‘क’ ३२२१ वर. फरक ८९६, आणि ‘ळ’लाही तोच. एक स्विच, ८९६ मिळवा, त्याच बोटांनी कन्नड! कन्नडमधल्या ऱ्हस्व ए आणि ओ साठी तेवढे दोन कॉर्ड वाढवले. आमच्याकडं सीमाभागात अर्ज कन्नड लिपीत आणि घरचे मेसेज देवनागरीत, त्यामुळं हा स्विच रोज वापरतोय.

काल खानापूरच्या बसमध्ये उभ्यानं, एका हातानं दांडा धरून, मिनिटाला सात शब्द. कंडक्टर वाकून बघून गेला: “बीपीचं मशीन काय हो हे?” पट्टा मात्र घामानं सरकतोय, पुढची दुरुस्ती तीच.