प्रजातीपासून स्ट्रेनपर्यंत : आमची वाटचाल

आमची लॅब सुरू झाली तेव्हा एकच प्रश्न यायचा : रुग्णाच्या नमुन्यात वाढलेलं यीस्ट कोणतं? त्यासाठी क्रोमोजेनिक अगर (प्रजातीनुसार वसाहतींना वेगळा रंग देणारं वाढीचं माध्यम) हाताशी होतं. कँडिडा अल्बिकन्सच्या वसाहती त्यावर हिरव्या दिसतात, ट्रॉपिकॅलिसच्या निळसर, क्रुसेईच्या फिकट गुलाबी आणि खरबरीत. जोडीला जर्म ट्यूब चाचणी. सीरममध्ये ३७ अंश सेल्सिअसला दोन-तीन तास ठेवलं की अल्बिकन्सच्या पेशीला कोंब फुटतो. (डब्लिनिएन्सिसलाही फुटतो, म्हणून तेवढ्यावर रिपोर्ट द्यायचा नसतो.)

मग रुग्णालयांतल्या संसर्ग नियंत्रणाच्या डॉक्टरांकडून वेगळीच विचारणा होऊ लागली. आयसीयूतल्या शेजारशेजारच्या रुग्णांच्या रक्तात अल्बिकन्स सापडलं, तर ते एकाकडून दुसऱ्याकडे गेलं का? प्रजातीच्या नावावरून हे कळत नाही. अल्बिकन्स कितीतरी निरोगी माणसांच्या तोंडात आणि आतड्यात असतंच; रक्तात उतरतं तेही बहुधा रुग्णाचं स्वतःचंच. त्यामुळे स्ट्रेन, म्हणजे प्रजातीच्या आतला नेमका वाण, ओळखावा लागतो, आणि हेच आमचं मुख्य काम झालं.

सुरुवात आरएपीडीने केली : पीसीआरने (डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या पद्धतीने) डीएनएचे यादृच्छिक तुकडे वाढवून जेलवर त्यांचे पट्टे पाहायचे. स्वस्त आणि झटपट पद्धत, पण पीसीआरचं यंत्र किंवा एन्झाइमचा लॉट बदलला की जेलवरचे पट्टे बदलू शकतात. गेल्या महिन्यातल्या जेलशी आजचं जेल खात्रीने ताडता येत नसेल, तर साथीच्या तपासात तिचा उपयोग फारच मर्यादित.

म्हणून मायक्रोसॅटेलाइटकडे वळलो. जीनोममध्ये (पेशीच्या संपूर्ण डीएनएमध्ये) मोजक्या अक्षरांचा तोच तुकडा पुन्हा पुन्हा येतो, आणि तो किती वेळा येतो हे स्ट्रेनगणिक बदलतं. सीडीसी३, ईएफ३, एचआयएस३ अशा जागा पीसीआरने वाढवून कॅपिलरीतून (अतिशय बारीक नळीतून) तुकड्यांची लांबी मोजायची. निकाल आकड्यांत मिळतो, त्यामुळे जुन्या नोंदींशी ताडता येतो. अल्बिकन्स द्विगुणित (प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रती असलेलं) असल्याने आलेखावर एका जागी बहुधा दोन शिखरं दिसतात. त्यातलं एक गायब झालं तर लगेच वेगळा स्ट्रेन म्हणू नये. त्याच स्ट्रेनने एक प्रत गमावलेली असू शकते. आमच्याकडे अशा आलेखावर दोघांनी स्वतंत्रपणे मत दिल्याशिवाय सही होत नाही.

सात जनुकांचं अनुक्रमण करणारी, म्हणजे त्यांच्या अक्षरांचा क्रम वाचणारी, एमएलएसटीही आम्ही करतो, मुख्यतः इतर लॅबच्या निकालांशी तुलना करायची असेल तेव्हा.

कँडिडा ऑरिसने मात्र सगळं बदललं. २००९ मध्ये जपानमधल्या एका रुग्णाच्या कानातून तिचं पहिलं वर्णन झालं. जुन्या जैवरासायनिक किटवर ती अनेकदा हिम्युलोनाय या दुसऱ्याच प्रजातीच्या नावाने निघायची. मॅल्डी-टॉफच्या (प्रथिनांच्या वस्तुमानावरून सूक्ष्मजीव ओळखणाऱ्या यंत्राच्या) संग्रहात तिची नोंद झाल्यावर ओळख सोपी झाली. ही त्वचेवर आणि पलंगाच्या कठड्यांवर टिकते, रुग्णाकडून रुग्णाकडे जाते. तिचे क्लेड (एकाच पूर्वजापासून आलेले गट) एकमेकांपासून खूप दूरचे, पण एकाच क्लेडमधले स्ट्रेन इतके सारखे की एमएलएसटीला ते वेगळे काढता येत नाहीत. तिथे सुमारे सव्वा कोटी अक्षरांचा अख्खा जीनोम वाचून एकेका अक्षराचा फरक मोजावा लागतो. हे अनुक्रमण आम्ही बाहेरून करून घेतो, विश्लेषण स्वतः करतो.

‘हे दोन नमुने एकच आहेत का सांगा’ म्हणून फक्त दोनच नळ्या येतात, तेव्हा आम्ही त्याच काळातल्या, संबंध नसलेल्या रुग्णांचे नमुनेही मागवतो. त्या भागात तोच प्रकार सर्रास आढळत असेल, तर जुळणीवरून संसर्ग पसरल्याचं सिद्ध होत नाही. शिवाय एका रुग्णात दोन स्ट्रेन असू शकतात, म्हणून हल्ली प्लेटवरच्या एकाच वसाहतीऐवजी अनेक वसाहती पाठवायला सांगतो. त्या सगळ्या ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांवर जपून ठेवतो.